तू वगळलेले नर

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

तुझा अहवाल काल रात्री एका बैठकीत वाचून काढला. शेणकिड्यांची मापं इतकी नेटकी घेतली आहेस की जीव सुखावला. पण एक वाक्य मनातून जाईना: ‘लहान नर अजून वाढीच्या वयात असल्याने मोजणीतून वगळले.’ अरे, कोषातून बाहेर पडलेला भुंगा पुढे तसूभरही वाढत नाही. त्याचा आकार ठरतो तो अळी असताना, तिच्या वाट्याला आलेल्या शेणाच्या गोळ्यावर. तू वगळलेस ते सगळे पुरते वाढलेले नर होते.

जीवशास्त्रज्ञ डग्लस एम्लेन यांनी १९९०च्या दशकात पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर असे छोटे नर नीट पाहिले. जात ऑन्थोफॅगस अ‍ॅक्युमिनॅटस. मादी शेणाखाली बीळ खणते. शिंगवाला मोठा नर बिळाच्या तोंडाशी ठाण मांडतो आणि दुसरा कुणी आला की त्याला रेटून बाहेर काढतो. छोट्याला शिंगं नसल्यातच जमा. तो झुंजीच्या फंदातच पडत नाही. बाजूने स्वतःचा बोगदा खणतो, पहारेकऱ्याला चुकवून आत मादीपाशी निघतो, जुगतो आणि पसार होतो. वर दाराशी पहारा चालूच! मला हे दरवेळी नव्याने थक्क करतं.

मोठेपणाचा फायदा खोटा नाही. पिवळ्या शेणमाशीत धिप्पाड नर दुसऱ्याच्या ताब्यातली मादी हिसकावून घेतात. पण कायरोनोमस माश्या हवेत थव्याने उडता उडता जोडीदार पकडतात. तिथे हलका, चपळ नर सरस ठरू शकतो. झुंज जमिनीवर की हवेत, यावर सगळं पालटतं.

आणि नुसत्या जोड्या मोजून बाप कोण ते कळत नाही. मादी अनेक नरांशी जुगते, त्यांचे शुक्राणू तिच्या पोटात साठून राहतात आणि खरी चढाओढ तिथे लागते. जीवशास्त्रज्ञ जेफ पार्कर यांनी १९७० साली हे मांडलं. शेणकिड्यांच्या काही जातींत चोरवाटेने येणाऱ्या नरांचे वृषण शरीराच्या मानाने मोठे असतात, ते त्यासाठीच.

वगळलेले नर अजून बाटलीत असतील तर फेकू नकोस. छातीची रुंदी आणि शिंगाची लांबी, दोन्ही घे, सगळ्यांचा एकच आलेख काढ. ठिपके सरळ चढत जातात की मध्येच उडी मारतात, ते मला लगेच कळव.

तुझी,
आई