लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस आराम करू द्या

संपादक महोदय,

मे महिन्यात आम्ही मुंबईहून लडाखला गेलो, विमानाने थेट लेह, म्हणजे समुद्रसपाटीवरून काही तासांत साडेतीन हजार मीटरवर, आणि टूरवाल्याने दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याहूनही उंच खारदुंग ला खिंडीत जायचं ठेवलेलं! कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर सोबत होता, घरी रक्तातला ऑक्सिजन ९८ टक्के दाखवणारा तो तिथे ८६ दाखवायला लागला. हवेत ऑक्सिजन तिथेही २१ टक्केच असतो हो, पण हवेचा दाबच मुंबईच्या साधारण दोन तृतीयांश, त्यामुळे प्रत्येक श्वासात कमी मिळतो आणि शरीराला सवय व्हायला वेळ लागतो.

पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, माझ्या नवऱ्याचा आकडा माझ्यापेक्षा बरा होता तरी डोकं ठणकत होतं, उलट्या झाल्या, आम्ही खारदुंग रद्द केलं आणि दोन दिवस झोपून काढले तेव्हा उतार पडला. बसल्या जागी धाप लागली, तोल गेला किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर लगेच खाली उतरवायचं आणि डॉक्टर गाठायचा, सकाळपर्यंत थांबायचं नाही. टूरवाल्यांनो, पहिले ४८ तास रिकामे ठेवा ना, एखादा पॉइंट कमी झाला तरी चालेल आम्हाला.

- एक वाचक, मुलुंड