घोड्याच्या मानेवरचे तीन धागे : एका माउंटसाठी मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

गेल्या जानेवारीत आपल्या आकाशनिरीक्षण मंडळाने तेजोमेघांच्या, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांच्या, फोटोंचं प्रदर्शन भरवलं होतं. तुमच्यापैकी बरेच जण आले होते. दारातून आत शिरताच समोर हॉर्सहेड नावाच्या तेजोमेघाचा मोठा फोटो होता. लाल उजेडावर काळ्या घोड्याचं तोंड. सगळ्यात जास्त वाहवा त्यालाच मिळाली. दुसऱ्या दिवशी नववीतली एक मुलगी मोबाइलवर त्याच तेजोमेघाचा दुसरा फोटो उघडून बराच वेळ तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, "काका, तुमच्या घोड्याच्या मानेवरून तीन धागे लोंबताहेत. यात तर एकपण नाही."

मुलीचं खरं होतं. ते धागे आकाशात नव्हतेच. मूळ फोटोत खरखर (कमी उजेडामुळे येणारे दाणेदार ठिपके) फार होती, म्हणून छपाईच्या आदल्या रात्री आम्ही तो एका एआयवाल्या सॉफ्टवेअरमधून काढला होता. त्याने खरखरीचे धागे विणून दिले. दिसायला झकास होते, म्हणून आम्हीही तपासायच्या फंदात पडलो नाही. त्याच संध्याकाळी फोटो उतरवला आणि रिकाम्या जागी कारण लिहून चिठ्ठी चिकटवली. हे आवाहन म्हणजे त्या चिठ्ठीचं मागचं पान : दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीसाठी, म्हणजे माउंटसाठी.

तीन धाग्यांनी काय बिघडतं, असं काहींनी तेव्हा विचारलं. घोड्याचं तोंड म्हणजे दाट धूळ. मागे हायड्रोजन लाल तेजाने चमकतो आणि पुढची धूळ तो उजेड अडवते, म्हणून आकार दिसतो. तिथे एक धागा वाढवणं म्हणजे आकाशात नसलेली धूळ ओतणं. शिवाय या घोड्याचा शोधच मुळी फोटोवरून लागला. १८८८ मध्ये हार्वर्डच्या वेधशाळेतल्या काचेच्या प्लेटवर विल्यमिना फ्लेमिंग यांना तो दिसला. (सुरुवातीच्या सूचीत त्यांचं नाव आलं नाही, हा वेगळाच किस्सा.) त्या प्लेटवर कुणी हौसेने कुंचला फिरवला असता तर?

आता आमच्या अडचणीचं. मृगातल्या त्रिकांडाच्या (एका ओळीतल्या तीन ताऱ्यांच्या) सगळ्यात पूर्वेकडच्या ताऱ्याजवळ हा घोडा आहे आणि तो अतिशय मंद आहे. त्याला टिपायचं तर पृथ्वी फिरते त्याच वेगाने दुर्बीण उलटी फिरवत ठेवावी लागते. हे काम माउंटचं. आमचा माउंट सेकंडहँड घेतलेला, बरीच वर्षं वापरलेला. त्याचा वर्म गिअर, म्हणजे त्याला फिरवणारं दातेरी चाक, झिजलाय. तीस सेकंदांच्या वर एक्स्पोजर दिलं, म्हणजे कॅमेरा उघडा ठेवला, की ताऱ्यांच्या शेंगा होतात. प्रदर्शनातला तो फोटो काढला त्या रात्री म्हसवडच्या पुढे, एका सभासदाच्या शेतातल्या घराच्या गच्चीवर, आम्ही तीस-तीस सेकंदांचे ८० फोटो जमवले. एकूण ४० मिनिटं. मग दव पडलं आणि लेन्स पांढरी झाली.

फोटो एकावर एक रचले की खरखर कमी होते, पण हिशोब कंजूष आहे. ती निम्मी करायची तर चौपट फोटो लागतात. चांगला हॉर्सहेड काढायचा म्हणजे तीन-तीन मिनिटांचे शंभरेक फोटो, म्हणजे अमावास्येच्या आसपासच्या दोन सलग रात्री. शिवाय कॅमेऱ्याचे दोष काढायला झाकण लावून घेतलेले (डार्क) आणि एकसारख्या उजेडाचे (फ्लॅट) फोटो वेगळे. अमेरिकेतल्या हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० ला मृगातल्या मोठ्या तेजोमेघाचा (घोड्याचा नव्हे) पहिला फोटो काढला, तेव्हा ५१ मिनिटांचं एकच एक्स्पोजर दिलं होतं. दीड शतकापूर्वीच्या घड्याळी यंत्रणेने ५१ मिनिटं आकाश धरून ठेवलं आणि आमच्या मोटरला अर्धा मिनिट जमत नाही. लाज वाटते, पण आहे हे असं आहे. माउंट धड नसला की उजेड कमी जमतो, आणि उजेड कमी जमला की सॉफ्टवेअरकडे हात जातो.

याचा अर्थ फोटोला हातच लावायचा नाही, असं मुळीच नाही. आमच्यात यावरून भांडणं होतात, चहा गार होईपर्यंत. रंगांचंच बघा. हबल या अवकाशातल्या दुर्बिणीने १९९५ मध्ये टिपलेले गरुड तेजोमेघातले खांब सगळ्यांना आठवतात. त्यात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिलाय. खरं तर गंधक (सुमारे ६७२ नॅनोमीटर) आणि हायड्रोजन (६५६) दोन्ही लालच, डोळ्याला वेगळे कळणारच नाहीत. वेगळे रंग दिले म्हणून कुठे काय आहे ते उमगतं. याला आम्ही खोटं म्हणत नाही, फक्त ते फोटोखाली लिहिलेलं असावं. उजळपणा किती ताणायचा, चौकट कुठे कापायची, घोडा उभा ठेवायचा की आडवा, हे ज्याचं त्याने ठरवावं. जे उजेडाने आणलं नाही ते घालायचं नाही, एवढीच आमची रेघ. तसं पाहिलं तर एका आजींनी दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ पाहून "धूर दिसतोय की रे" म्हटलं होतं, तेही खरंच होतं. डोळ्याला तो राखाडी-हिरवटच दिसतो.

यंदाच्या प्रदर्शनात प्रत्येक फोटोखाली कार्ड असेल : किती मिनिटांचा उजेड, कोणते फिल्टर, कोणता रंग कशाचा आणि सॉफ्टवेअरमध्ये काय काय केलं. शेजारी एक न ताणलेला, जवळपास काळाच दिसणारा मूळ फोटोही लावू.

त्यासाठी नवा माउंट आणि त्याच्यासोबत गाइडिंगचा, म्हणजे ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला सावरणारा, छोटा कॅमेरा हवा. मिळालेल्या कोटेशनप्रमाणे १ लाख ६० हजार रुपये लागतील. सभासदांनी मिळून ५२ हजार जमवलेत. "ऑनलाइन स्वस्त मिळतो की" म्हणणाऱ्यांसाठी : आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम अठरा अंशांवर असतो. माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, आणि काही स्वस्त माउंट इतके खाली वाकवले की वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायावर आपटतो. एकदा मागवून परत पाठवून झालाय.

रक्कम कितीही चालेल, शंभर रुपयेही. प्रत्येकाला पावती मिळेल आणि खर्चाचा हिशोब प्रदर्शनात भिंतीवर लावू. आयकर सवलतीचं प्रमाणपत्र मंडळाकडे नाही, तेव्हा त्या आशेने देऊ नका. पैसे द्यायला जमत नसेल तर : वापरात नसलेला पण चालणारा लॅपटॉप, पावसाळ्यात लेन्सना बुरशी लागू नये म्हणून हवाबंद मोठा डबा, किंवा अमावास्येला म्हसवडपर्यंत गाडीत दोन जागा. आणि गच्चीच्या आसपासच्या वस्तीवरच्या मंडळींना विनंती, अंगणातल्या हॅलोजनला वरून पत्र्याची झडप लावू द्या. पत्रा आम्ही आणू, चढून लावूही आम्हीच.

देणगी शनिवारच्या बैठकीत खजिनदारांकडे द्यावी. ज्या मुलीने धागे पकडले ती आता दहावीत आहे. यंदा छपाईला जाण्याआधी प्रत्येक फोटो मूळ फोटोशी ताडून बघायचं काम तिने घेतलंय, पण परीक्षा असल्यामुळे फक्त रविवारी. तिच्या जोडीला आणखी दोघं हवेत. अनुभव नसला तरी चालेल, नजर चिकट हवी. गच्चीवर येणार असाल तर स्वेटर आणा, आणि टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावूनच या.