सुहास, एवढं करून घे

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू रिपोर्ट वाचून दाखवलास आणि शेवटी म्हणालास, "सगळं बॉर्डरलाइन आहे, काळजीचं काही नाही." मी नुसता हुंकार दिला. तेव्हापासून ते आकडे डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहायला बसलो.

गोळी चालू असून बीपी १३८/८८. उपाशीपोटी साखर १०८, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १९०, एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३६. सुटे सुटे बघितले तर यातला एकही घाबरवत नाही. पण हे एकाच घरातले आहेत रे. साखर १०० किंवा वर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, पुरुषाचं एचडीएल ४०च्या खाली, बीपी १३०/८५ किंवा वर, नाहीतर बीपीची गोळी चालू, आणि वाढलेली कंबर. या पाचांतले तीन जमले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तुझे कंबर न मोजताच चार झाले.

तीही मोज. पँटचा नंबर सांगू नकोस. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धर, श्वास सोडून. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही हद्द धरतात.

पोटात आत, आतड्यांभोवती चरबी साठली की शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं होतं. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. ते जास्तीचं इन्सुलिन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या मज्जातंतूंनाही चेतवतं. म्हणजे तुझी साखर आणि तुझं बीपी हे दोन वेगळे आजार नाहीत. अमेरिकन डॉक्टर जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये हा धागा मांडला, तेव्हा त्याला 'सिंड्रोम एक्स' म्हटलं होतं.

मला खरी भीती आहे ती बीपीच्या जोडीला हे सगळं असताना आत काय झिजतं याची. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होते आणि ताठरते, त्यामुळे कप्पा नीट सैलावत नाही आणि नीट भरतही नाही. मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्या आतल्या दाबाने पाझरू लागतात, आणि रक्तात राहायला हवं ते अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीत उतरतं. यातलं काहीही दुखत नाही.

आमच्या दादाचं तुला अर्धंच माहीत आहे. दरवर्षी त्याचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, नॉर्मल यायचं आणि आम्ही सगळे निश्चिंत व्हायचो. क्रिएटिनिन उशिरा बोलतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. लघवीतलं अल्ब्युमिन कधी तपासलंच गेलं नाही. पायांवर सूज आली तेव्हा मूत्रपिंडांचं निम्म्याहून जास्त काम गेलं होतं. तो आजही मला विचारतो, "मला कळलं कसं नाही?" आणि मला उत्तर देववत नाही.

म्हणून तू डॉक्टरांकडे लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाणाची तपासणी मागून घे. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. ३० ते ३०० मध्ये आलं तर पुन्हा करून खात्री कर. ताप किंवा जोरदार व्यायामानेही ते तात्पुरतं वाढतं. सोबत ईजीएफआर (मूत्रपिंडं किती गाळतात त्याचा अंदाज), ईसीजी आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लागेल का, ते डॉक्टर ठरवतील. बीपीच्या काही गोळ्या हा पाझर कमी करतात आणि काही जुन्या गोळ्या साखर थोडी वाढवतात, तेव्हा तुझी कुठली आहे तेही विचार. मनाने मात्र एकही गोळी बंद करू नकोस.

या टप्प्यावर पकडलं तर बरंच मागे फिरवता येतं. पाझर कमी होतो, जाड झालेली भिंतही बीपी ताब्यात आल्यावर हळूहळू उतरते. तुझं वजन ८४ ना? त्यातले चार-पाच किलो गेले तरी हे बरेचसे आकडे हलतात. मी रोज संध्याकाळी पाऊण तास चालतो, त्या वेळी तूही तिकडे चालायला निघ. फोन चालू ठेवू, गप्पा होतील.

रिपोर्ट आला की फोटो पाठव. रात्री कितीही वाजलेले असोत, मी जागा असेन.

तुझाच,
विजय