सारसबागेतल्या सकाळच्या मंडळींना

नावं कुणाचीच माहीत नाहीत म्हणून इथेच लिहितेय. दोन वर्षांपूर्वी दादाचा बाईकवरून अपघात झाला, हेल्मेट नव्हतं, डोक्याचं ऑपरेशन झालं आणि आता बाहेरून बघाल तर माणूस ठणठणीत, पण मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसला की राग आवरत नाही, शब्द सापडत नाहीत, आत्ताचं आत्ता विसरतं, हे कुणाला दिसतच नाही ना! २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यातही याचं वेगळं नाव नाही. नातेवाईक हळूहळू यायचे बंद झाले, असो.

तुम्ही काका लोकांनी मात्र बाकावर त्याची जागा ठेवली, तोच किस्सा दहाव्यांदा ऐकला, आणि "साखर" आठवेना म्हणून तो "ते पांढरं, पांढरं" करत बसला तरी मधेच शब्द न देता थांबलात. गेटबाहेरच्या चहावाल्या मावशी, तुम्ही त्याच्या खिशातल्या वहीत रोज "पैसे मिळाले" लिहून देता, त्यामुळे भांडणंच मिटली हो.

परवा तो एकटा गेला नि एकटा परत आला. तळ्यातल्या गणपतीचा प्रसाद आणला होता, अर्धा रस्त्यातच खाऊन. खूप खूप थँक्यू!