एकक स्थानचा अंक : युक्तीमागचे गणितही शिकवावे

महोदय,

स्पर्धा परीक्षांच्या तयारीत ‘७ च्या १०० व्या घाताच्या एकक स्थानी कोणता अंक येईल?’ अशा धर्तीचे प्रश्न नेहमी भेटतात आणि उत्तरादाखल बहुतेक वेळा ‘घातांकाला ४ ने भागून बाकी पाहा’ एवढेच सांगितले जाते. उत्तर बरोबर येते. परंतु ही युक्ती का चालते आणि कुठे अडते हे न समजल्याने विद्यार्थी फार सुंदर गणिताला मुकतात, याची मला मनापासून खंत वाटते.

गुणाकाराचा एकक अंक केवळ गुणकांच्या एकक अंकांवर ठरतो, म्हणून ७ चे घात ७, ९, ३, १ या क्रमानेच संपत राहतात. २ चे चक्र २, ४, ८, ६ असे असल्यामुळे बाकी शून्य उरल्यावर ‘शून्यावा घात म्हणजे १’ असे लिहिणारा चुकतो. तिथे उत्तर ६ असते. शेवटचे दोन अंक विचारले, तर २ साठी चक्र २० घातांचे होते आणि तेही ०४ पासून सुरू होते, कारण पुढच्या प्रत्येक घाताला ४ ने भाग जात असल्याने ०२ पुन्हा येऊच शकत नाही.

चक्र ठाऊक नसतानाही चालणारी रीत म्हणजे वारंवार वर्ग करणे आणि प्रत्येक पायरीवर हवे तेवढेच शेवटचे अंक ठेवणे. १०० म्हणजे ६४ + ३२ + ४; म्हणून ९९ गुणाकारांऐवजी सहा वर्ग आणि दोन गुणाकार पुरतात. घातांक सम असेल तर निम्मा करून वर्ग, विषम असेल तर एक वजा करून दुप्पट, ही २ च्या घातांची कृती प्राचीन भारतीय आचार्य पिंगलांच्या ‘छंदःशास्त्र’ या काव्यवृत्तांवरील ग्रंथात आहे, हे मुलांना आवर्जून सांगायला हवे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मूळ संख्या २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून १ वजा केल्यावर मिळते आणि ती ४,१०,२४,३२० अंकी आहे. घातांकाला २० ने भागल्यास बाकी १ उरते. २ च्या २१ व्या घाताच्या शेवटी ५२ येतात, म्हणून ही संख्या ५१ ने संपते. सुरुवातीचे अंक मात्र लॉगरिदमने काढावे लागतात. इथे २ च्या लॉगरिदमची (१० चा जो घात २ होतो त्या घातांकाची) ०.३०१०३ ही परिचित किंमत घेऊन तिला वरच्या घातांकाने गुणले, तर गुणाकारात सुमारे ०.५९ चा फरक पडून पहिलाच अंक चुकतो. दशांशचिन्हापुढे बारा स्थळे घेतली, की ८८ हे पहिले दोन अंक निश्चित होतात. मधल्या अंकांसाठी असा सर्वसाधारण जवळचा मार्ग आजवर सापडलेला नाही, आणि जिज्ञासू विद्यार्थ्याला सर्वाधिक खुणावणारी जागा नेमकी हीच आहे.

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थ्यांसाठीच्या पानावर असे प्रश्न छापताना उत्तरासोबत कारणाच्या चार ओळी द्याव्यात, आणि मार्गदर्शक पुस्तकांच्या लेखकांनीही पुढच्या आवृत्तीत तसे करावे, ही विनंती.

– एक निवृत्त गणित शिक्षिका, सातारा