पोस्टातल्या ताईंना, फौजींच्या घरांकडून

आदरणीय ताई, सा.न.वि.वि.

घरचा माणूस फील्डवर असला की दिवाळीचं पार्सल हाच आमचा निम्मा सण. ते वेळेत आणि धड पोचावं म्हणून आम्हा सातारकडच्या फौजी घरांना तुम्ही खिडकीबाहेर येऊन जे शिकवलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

पत्त्यापासूनच सुरुवात केलीत. आर्मी नंबर, रँक, नाव, युनिट, मग ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ (म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) किंवा ‘९९ ए.पी.ओ.’, आणि शेवटी ९ ने सुरू होणारा पिनकोड. लेह, तवांग असं ठिकाण मात्र घालायचं नाही. त्यानं टपाल भलतीकडं जाऊ शकतं, आणि पलटण कुठं आहे ते उघड होतं, हे तुम्ही पटवून दिलंत.

दसऱ्याच्या आत पार्सल सुटलंच पाहिजे, हा तुमचा आग्रह रास्त आहे. म्हणजे तळण नवरात्रातच, आणि तेही महिनाभर टिकणारं. ओल्या नारळाची करंजी बाद. सारण सुक्या खोबऱ्याचं, कोरडं भाजलेलं. चिवड्यात डाळं जास्त, खोबऱ्याचे काप कमी, कारण खवटपणा तिथूनच सुरू होतो. गरम चिवडा भरला तर झाकणाला आतून पाणी सुटतं आणि पोहे चिवट होतात, म्हणून पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद. शंकरपाळ्या सगळ्यांत भरवशाच्या. बर्फातल्या चौकीवर तूप थिजून बेसनाचे लाडू दगडासारखे होतात, तरी ते पाठवतोच. लाडवाशिवाय दिवाळी कसली?

चकल्या बरणीत एकावर एक, मोकळ्या जागी कागदाचे बोळे. तुम्ही डबा कानाशी धरून हलवता आणि आत खडखडलं की परत उघडायला लावता. बाहेरून मांजरपाट शिवायचं, पत्ता पक्क्या शाईनं, आणि तोच पत्ता आत चिठ्ठीवर, कारण कापड फाटलं तर तीच कामी येते. अत्तर, फुलबाज्या, पॉवर बँक तुम्ही न रागावता बाजूला काढून ठेवता.

पोरांच्या बाबतीतला तुमचा सल्लाही लाखमोलाचा. रजा मंजूर झाली म्हणून त्यांना तारीख सांगायची नाही. रजा ऐनवेळी थांबते आणि पोरं दारात बसून राहतात. गाडीत बसल्याचा फोन आला की मगच सांगायचं. चौकीवरून फोन लागला तर लाईन कधी तुटेल नेम नाही, म्हणून आधी पोरांना बोलू द्यायचं, घरातल्या अडचणी मागाहून.

भाऊबीजेला इथं बहिणी चंद्राला ओवाळतात. कुंकू-अक्षतांची वेगळी पुडी, वर ‘भाऊबीजेला उघड’ असं लिहून, पार्सलात घालायची सोय तुम्हीच सुचवलीत. कुंकू कोरडंच, दुहेरी पिशवीत, नाहीतर सगळा फराळ लाल होतो.

यंदा नव्यानं भरती झालेल्या पोरांच्या आया पहिल्यांदाच येतील. त्यांचे पत्ते आम्ही घरीच तपासून देऊ, म्हणजे तुमच्या खिडकीशी रांग तुंबणार नाही.

आपल्या,
गावातल्या फौजी घरांतल्या आम्ही सगळ्या