गेर्निकानंतरची ३६ वर्षं गेली कुठे?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला पिकासोवरचा लेख वाचला. छान आहे, पण गेर्निका, म्हणजे पिकासोचं ते युद्धाविरुद्धचं गाजलेलं चित्र, झाल्यावर लेखकाला घरी जायची घाई झाली असावी बहुतेक. १९३७ नंतर हा माणूस आणखी ३६ वर्षं जगला हो! त्याची बोळवण काय, तर उतारवयातही काम चालूच होतं, संपलं.

१९५० चं ते शेळीचं शिल्पच घ्या ना. पोट म्हणजे चक्क वेताची टोपली, आचळं म्हणजे मातीची भांडी, पाठीला ताडाची फांदी, सगळा उचलून आणलेला माल, त्यावर प्लास्टर थापलं आणि मग ब्राँझमध्ये ओतलं. शेळी गाभण आहे हे कळायला कलेतलं काही कळावं लागत नाही. पुढच्याच वर्षी पिल्लाला कवटाळलेलं बबून माकड, त्याचं डोकं म्हणजे मुलाच्या खेळण्यातल्या दोन मोटारी, खालची उलटी करून तळाला तळ लावलेल्या, आणि वरच्या गाडीची पुढची काच म्हणजे डोळे. सत्तरीला आलेला बाप पोराच्या गाड्या पळवतो, याला निवृत्तीचं वय म्हणायचं का?

पुढे १९६५ मध्ये अल्सरचं ऑपरेशन झालं, काही काळ ब्रश जवळजवळ बंदच. आणि १९६८ मध्ये मार्च ते ऑक्टोबर ३४७ एन्ग्रेव्हिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं), म्हणजे सरासरी दिवसाला दीडाच्या वर, वय ८६! दक्षिण फ्रान्समधल्या मूजँ गावी त्याच्या घराजवळच छापखाना होता म्हणून प्लेट लगेच छापून बघता यायची, हेही खरं.

१९७० च्या फ्रान्समधल्या आव्हिन्यों शहरातल्या त्याच्या प्रदर्शनावर टीकाकार तुटून पडले, म्हातारा भरकटला म्हणाले. आता प्रामाणिकपणे सांगतो, त्या काळातली निम्मी पेंटिंग्ज मलाही आवडत नाहीत, रंग ओघळलेले, कॅनव्हास मध्येच कोरा, तलवारवाले मस्केटीअर, म्हणजे जुन्या काळचे सैनिक, तर इतके की कंटाळा येतो. पण म्हणून उतार म्हणायचं? हात थकलेला माणूस रेषा जपून काढतो, चुकेल म्हणून घाबरतो, इथे तर चुकायची फिकीरच नाही. जून १९७२ मधलं खडूंनी काढलेलं स्वतःचं तोंड बघा, ते वटारलेले डोळे, दोन्ही वेगळ्या मापाचे. त्यानंतर नऊएक महिन्यांनी तो गेला.

लेखकाला माझा एवढाच निरोप द्या, आणि पुढच्या वेळी परत गेर्निकाचाच फोटो नको, शेळीचा छापा.

आपला एक नेहमीचा वाचक